सूर्यासमोरच्या छायाचित्राची कैफियत

सूर्य पाठीशी घ्यावा आणि मगच कॅमेऱ्याचा खटका दाबावा, हा नियम आपल्याकडे इतक्या निःशंकपणे आणि इतक्या पिढ्यांपासून सांगितला जात आहे की त्याची एकदा रुजुवात घालावी असे कोणाच्या मनातही येत नाही. तालुक्याच्या गावी स्टुडिओत उमेदवारी करणाऱ्या मुलाला तो पहिल्याच आठवड्यात ऐकवला जातो; शाळेचा वार्षिक फोटो काढण्याच्या दिवशी गुरुजी तो अमलात आणून साऱ्या वर्गाला उन्हाकडे तोंड करून उभे करतात, आणि त्या उन्हाने मिचमिचे झालेले डोळे हाच पुढे जन्मभर आपल्या बालपणाचा अधिकृत चेहरा होऊन बसतो; आणि स्पर्धेच्या परीक्षकास एखाद्या चित्रात सूर्य समोर दिसला की ‘अगेन्स्ट लाइट’ एवढा शेरा मारून तो प्रवेशिका बाजूला सारतो, जणू असली प्रकरणे दाखल करून घेण्याचीच त्याला मनाई आहे.

या जुन्या तांत्रिक आक्षेपाला अलीकडे एका नैतिक आक्षेपाची जोड मिळाली आहे, आणि तो घेणारी मंडळी स्टुडिओतली नसून वाचन-मनन केलेली, समाजाविषयी आस्था बाळगणारी अशी आहेत, म्हणून त्याची दखल अधिक गांभीर्याने घेणे प्राप्त आहे. त्यांचे म्हणणे असे की हिवाळ्याच्या सकाळी सूर्यासमोर धरलेला कॅमेरा शेतमजुराच्या अंगाभोवती सोनेरी कड उमटवतो, त्याचा चेहरा मात्र काळोखात बुडवतो, आणि ज्याच्या अंगावर पुरेसे पांघरूण नाही त्याची थंडी शहरातल्या दिवाणखान्यात टांगण्याजोगी रमणीय करून ठेवतो. आणखी एक तिसरा आक्षेप आहे. पण त्यास आक्षेप म्हणण्यापेक्षा कुत्सित प्रश्न म्हणणेच योग्य होईल. दंव, धुके, गारठा हे सारे हिमाचलाचे आणि काश्मीरचे विषय. मराठवाड्यातल्या हिमायतनगराला हिवाळा असतोच कोठे, असा तो प्रश्न.

या तिन्ही मतांशी माझा विरोध आहे. सूर्यासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र हा अलंकार नव्हे. हिवाळ्यातील आपल्या भूमीविषयीचा तो एक पुरावा आहे, आणि सूर्य पाठीशी घेतल्याबरोबर हा पुरावा नाहीसा होतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

कुत्सित प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण ते केवळ भूगोलाचे उत्तर आहे. हिमायतनगर, ज्याला जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात, ते पैनगंगेच्या खोऱ्यात, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकोणीस अंशांच्या आसपास वसले आहे. मेच्या मध्यास येथे सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून ४७ अंशांपलीकडे चढत नाही, आणि उगवतो तो पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेकडे सरकून. हे आकडे पंचांगासाठी नाहीत; त्यांचा अर्थ प्रत्येक बांधावर दिसतो. मेमध्ये सकाळी आठ वाजता सूर्य ३० अंश वर आलेला असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेदोन पटीपर्यंत आखडलेली असते. डिसेंबरात त्याच आठ वाजता सूर्य जेमतेम १४ अंशांवर रेंगाळत असतो आणि सावली उंचीच्या चौपट लांब, म्हणजे बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात गेलेली असते. राहिली थंडी. हवामानाच्या नोंदींत मराठवाड्याचे किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली उतरल्याचे अनेकदा आढळते. बर्फ पडण्यास ते पुरेसे नाही हे खरेच. पण शेकोटीभोवती बसलेल्या माणसाच्या तोंडातून वाफ दिसण्यास, हरभऱ्यावर दहिवर साचण्यास आणि पैनगंगेच्या पात्रावर धुराळ्यासारखे धुके तरंगण्यास ते पुरते.

आता या थंडीत हवेचे काय होते ते पाहावे, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तेथे आहे. निरभ्र आकाशाखाली रात्रभर जमीन आपली उष्णता वर फेकत राहते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, आणि थंड म्हणून जड असलेली ती हवा सकाळी उठण्याचे नाव घेत नाही. चुलीचा, शेकोटीचा, वीटभट्टीचा धूर घरांच्या उंचीपर्यंत चढतो आणि तेथे कोणीतरी अदृश्य छत टाकल्याप्रमाणे आडवा पसरतो. बैलांच्या पायांची धूळ, दहिवराचे कण, हळद शिजवणाऱ्या काहिलींची वाफ, ही सारी त्या थरात अडकून राहतात. अर्धापूर-हदगावच्या पट्ट्यात माघातल्या सकाळी ज्याने हळद शिजताना पाहिली आहे त्याला हे सांगावे लागू नये. परंतु त्याने ती कोणत्या बाजूने पाहिली, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. त्या वाफेच्या अलीकडे सूर्य असेल, म्हणजे पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल, तर ती फिकट, करडी, जवळजवळ नसल्यासारखी दिसते. तीच वाफ त्याच्या आणि सूर्याच्या मधोमध आली की पेटून उठते, तिचा प्रत्येक पीळ, प्रत्येक झोत मोजता येतो.

याचे कारण भौतिकशास्त्रात नमूद आहे. गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रकाशाच्या विकिरणाविषयी जे गणित मांडले त्यावरून असे दिसते की कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठे असले, आणि धुक्याचे थेंब, धूळ व वाफेचे बिंदू तसे असतातच, तर ते आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग पुढच्याच दिशेने, म्हणजे सूर्यापासून दूर असलेल्या पाहणाऱ्याकडे पाठवतात. मागे, सूर्याच्या दिशेने, परतणारा भाग अल्प असतो. सकाळी पूर्वेकडे गाडी हाकणाऱ्या चालकाला समोरच्या काचेवरची धूळ एकाएकी आंधळे करते आणि तोच चालक पश्चिमेकडे वळला की ती काच स्वच्छ वाटू लागते, हे याच नियमाचे रोजचे प्रात्यक्षिक होय. तेव्हा जो मनुष्य सूर्य पाठीशी घेऊनच हिवाळ्याची सकाळ टिपतो, तो त्या सकाळची हवा काढून टाकून उरलेल्या वस्तूंची यादी तयार करतो. घर, बैल, झाड, माणूस हे सर्व त्या यादीत येते. हिवाळा तेवढा येत नाही.

हरभऱ्याचेच उदाहरण घेऊ. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर सूक्ष्म लव असते, तिच्या टोकांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचे थेंब पाझरतात, आणि हिवाळ्यात रात्रीच्या दहिवराशी ते मिसळतात. आपल्याकडे बायामाणसे रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरून पहाटे ते पिळून आंब धरतात आणि पोटदुखीवर जपून ठेवतात, ती याच थेंबांची. आता या शेताचे छायाचित्र सूर्य पाठीशी घेऊन काढले तर एक हिरवा सपाट तुकडा हाती येतो. कृषिखात्याच्या पत्रिकेला तो शोभेल. बांधाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन, सूर्य समोर घेऊन, गुडघ्यावर बसून काढले तर प्रत्येक पान आपल्या लवेच्या रूपेरी किनारीसह वेगळे होते आणि आंब धरणाऱ्या बाईला जे ठाऊक आहे ते, म्हणजे हे पीक रात्रभर पाझरत होते ही गोष्ट, चित्रात उतरते. दुसऱ्या छायाचित्रात सौंदर्य अधिक आहे हे मी नाकारत नाही. पण आधी त्यात माहिती अधिक आहे, आणि सौंदर्य त्या माहितीच्या मागोमाग आले आहे, इकडे मला लक्ष वेधायचे आहे.

नियमाचे समर्थक येथे म्हणतील की निसर्ग असा असेल, पण यंत्र तसे नाही. भिंगात थेट सूर्य गेला की चित्र धुरकटते, वर्तुळे उमटतात, सावल्या राखेच्या रंगाच्या होतात. त्यांचे म्हणणे एके काळी अक्षरशः खरे होते, आणि ते कोणत्या काळी खरे होते हे पाहिले म्हणजे नियमाचे वयही कळते. ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या असत की जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरे होई. म्हणूनच फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्रावरच्या प्रकाशाची चित्रे सिद्ध करताना कित्येकदा आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी एक अशा दोन स्वतंत्र काचा वापरून त्या एकाच कागदावर जुळवल्या. पुढे काचेच्या पाठीवरून परतलेला प्रकाश प्रत्येक तेजस्वी वस्तूभोवती प्रभावळ उमटवू लागला, म्हणून काचेला व फिल्मला मागून गडद लेप देण्याची युक्ती निघाली. भिंगांचे दुखणे वेगळे होते. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. ज्या भिंगरचनेत असे आठ पृष्ठभाग आहेत तिच्यात शिरलेल्या प्रकाशाचा चतुर्थांशाहून अधिक भाग सरळ मार्गाने फिल्मपर्यंत पोहोचतच नाही, आणि त्यातला काही आतल्या आत धडका मारीत साऱ्या चित्रावर राख पसरतो. १९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हे परावर्तन घटवण्याची रीत शोधली, १९७० नंतरच्या दशकात अनेक थरांचे लेप सर्रास झाले, आणि आज साध्या मोबाइलच्या भिंगावरही तो लेप असतो.

म्हणजे नियम निसर्गाचा नव्हता. तो एका विशिष्ट काळातल्या काचेचा आणि फिल्मचा होता. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक ज्यांनी वापरला त्यांना आठवत असेल की त्याच्यावर सूर्याचे एक आणि ढगाचे एक चिन्ह असे, यापलीकडे निवडीस फारसा वाव नव्हता. अशा पेटीवजा कॅमेऱ्याच्या मालकाला ‘सूर्य पाठीशी ठेव’ असे सांगणारा पुस्तिकाकार शहाणाच होता, कारण त्याला रोळ वाया जाऊ द्यायचा नव्हता आणि रोळ महाग होता. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर एखादा इसम निजामाच्या मोहोरेचे फर्मान घेऊन वाढोण्याच्या बाजारात जकात वसूल करू लागला असता तर लोकांनी त्याला जी वागणूक दिली असती, तीच आज या नियमाला देणे योग्य आहे. फर्मान बनावट नव्हते; ज्या दौलतीचे ते होते ती दौलत उरली नाही.

आणि ज्यांना सूर्याकडे भिंग रोखणे हा आधुनिक पोरखेळ वाटतो त्यांनी २२ जानेवारी १८९८ ही तारीख आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावी. त्या दिवशी ऐन हिवाळ्यात महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. कोकणात विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर आपला सरंजाम घेऊन आले होते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याजवळच्या जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तळ ठोकला होता, आणि त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली वर्णपटाची उपकरणे मांडून बसले होते. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश मंडळींच्या तळावर ॲनी माँडर या बाईने साध्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे करोनाचे, असे छायाचित्र घेतले की त्यात सूर्यबिंबापासून निघून त्याच्या व्यासाच्या कित्येक पटी दूर गेलेला प्रकाशाचा झोत उमटला, आणि तेवढा लांब झोत त्यापूर्वी कोणाच्या काचेवर आला नव्हता. या मंडळींनी हजारो मैलांचा प्रवास येथे का केला? जानेवारीतले दख्खनचे आकाश कोरडे आणि निवळ असते, यावर त्यांची भिस्त होती. दोन मिनिटांच्या आसपासचा खग्रास काळ, त्यासाठी महिनोगणती तयारी, आणि साऱ्यांची भिंगे सूर्याकडे.

ग्रहणाचे उदाहरण येथे लागू नाही, कारण तेव्हा सूर्य झाकलेला असतो, अशी हरकत कोणी घेईल. हरकत रास्त आहे, आणि माझ्या बाजूची आहे. किरीट रोजच असतो; बिंबाच्या झगमगाटापुढे तो दिसत नाही, आणि चंद्र आड आला की दिसतो. बांधावरच्या बाभळीच्या खोडाआड सूर्य घेऊन, भिंगावर स्वतःच्या तळहाताची सावली धरून जो छायाचित्रकार भोवतालचे धुके टिपतो तो याच तत्त्वाचा गावठी अवतार वापरीत असतो. सूर्यासमोरचे चित्रण म्हणजे सूर्याचे चित्र नव्हे, हा भेद आमच्या परीक्षकांच्या ध्यानात आला तर निम्मी तक्रार मिटेल. चित्रात सूर्य आलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा न आलेलाच बरा.

आता नैतिक आक्षेपाकडे वळतो, आणि येथे मला अधिक वेळ थांबावे लागेल.

प्रथम कबूल करण्याजोगे कबूल करतो. लग्नापूर्वीच्या चित्रीकरणात नारिंगी गोळ्यासमोर उभे केलेले जोडपे, समाजमाध्यमांवर रोज सकाळी सांडणारी काळ्या आकृत्यांची गर्दी, ‘माझा बळीराजा’ अशी ओळ खाली लिहिलेली नांगर-बैलांची पुठ्ठ्यातून कातरल्यासारखी छाया, हे सारे मलाही असह्य आहे. त्यात शेतकरी कोणता, गाव कोणते, महिना कोणता, काही कळत नाही. बहुधा छायाचित्रकारालाही ते ठाऊक नसते. चेहरा काळा करून टाकणे ही शैली नव्हे, आळस आहे. परंतु या आळसावर इलाज म्हणून जेव्हा सूर्य पाठीशी घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि समोरून पडलेला प्रकाश म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेची हमी असे गृहीत धरले जाते, तेव्हा मला इतिहासाचे दफ्तर उघडावे लागते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट ओळीने बसवून, उभे करून छायाचित्रे घेतली. प्रत्येक बरगडी स्वच्छ दिसावी असा उघडा, सपाट उजेड त्यांत आहे, चेहरे पूर्ण दिसतात, कोठेही सोनेरी कड नाही. आणि तरीही त्या काळापासून आजपर्यंत ती चित्रे निर्दयतेचा नमुना म्हणून सांगितली जातात. आपल्या हैदराबाद संस्थानात सहाव्या निजामाने ज्यांना मुसव्विर जंग हा किताब दिला त्या लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओने दुष्काळी मदतकार्याची चित्रे काढली. दीनदयाळ मोठे कलावंत होते यात शंका नाही, पण ती चित्रे दौलतीच्या औदार्याची कैफियत म्हणून सिद्ध झाली होती आणि माणसे त्यांत त्या औदार्याचे पुरावे म्हणून येतात. समोरचा प्रकाश हा मुळी दफ्तराचा प्रकाश आहे. १९९३ पासून मतदाराच्या ओळखपत्रासाठी गावोगाव जे फोटो काढले गेले, रेशनकार्डावर जे चिकटवले जातात, त्यांना तोच लागतो, कारण तेथे एवढेच ठरवायचे असते की नमूद इसम हाच आहे. ते काम आवश्यक आहे. पण मनुष्य ओळखता येणे आणि मनुष्य कळणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते प्रकाशाची दिशा बदलून भरून निघत नाही, आणि प्रकाशाची दिशा बदलल्याने वाढतही नाही. हूपरला दोष द्यायचा तो त्याच्या नजरेला द्यावा लागतो. सूर्य कोणत्या अंगाला होता हा प्रश्न तेथे गैरलागू आहे.

याहून एक साधी गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून सुटली आहे. हिवाळ्याच्या सकाळी खेड्यातला माणूस ऊन खायला बसतो तो कसा? पाराच्या कट्ट्यावर, शाळेच्या भिंतीशी, मंदिराच्या पायरीवर, जेथे कोठे बसेल तेथे तो पाठ उन्हाला देऊन बसतो. घोंगडी किंवा सोलापुरी चादर खांद्यावरून ओढलेली, पाठीचा कणा तापत असलेला, आणि तोंड सावलीत, तंबाखू मळणाऱ्या हातांकडे किंवा समोर बसलेल्या सोबत्याकडे. त्याच्याशी बोलायचे तर आपल्याला त्याच्या समोर बसावे लागते, आणि त्याच्या समोर बसले की सूर्य आपल्या तोंडावर येतो. हिवाळ्यातल्या गावगप्पांची ही नैसर्गिक मांडणी आहे. आता नियमाचा पाईक छायाचित्रकार येतो, त्या म्हाताऱ्याला उठवतो, “काका, जरा इकडं उन्हाकडं तोंड करा” म्हणतो, आणि त्या बिचाऱ्याची ऊब हिरावून त्याला डोळे बारीक करून उभे राहायला लावतो. यात त्याची प्रतिष्ठा कोठे राखली गेली? सूर्यासमोर बसून, तो जसा बसला होता तसाच त्याला घेणारा छायाचित्रकार त्याचा अधिक मान राखतो, असे माझे मत आहे. कारण त्रास कोणी सोसायचा हे ठरवताना त्याने तो स्वतःच्या डोळ्यांवर घेतला.

तसे घेताना चेहरा कसा राखावा, याला तंत्र आहे आणि ते गुप्त नाही. उघड्या उन्हासाठी जे छिद्र ठरते त्याहून दोन पायऱ्या ते मोठे करावे. जुन्या पुस्तकांत एफ १६ च्या जागी एफ ८ सांगत ते हेच. आकाश चौकटीत घेऊ नये. उंच ठिकाणाहून किंवा जवळ जाऊन मागे चिंचेची गर्द सावली, मातीची भिंत, गोठ्याचा अंधार असे काही येऊ द्यावे, म्हणजे कड उजळते आणि चेहऱ्याला प्रकाश पुरवताना मागचे काही जळत नाही. यापुढची अडचण मात्र खास आपल्या मुलखाची आहे, आणि तिचा उल्लेख मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही. ही पुस्तके थंड देशांत लिहिली जातात, आणि तेथे जमिनीवर बर्फ असतो; ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत उधळतो, त्यामुळे सूर्याला पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आपोआप खालून उजळून निघतो आणि छायाचित्रकाराला शहाणपणाचे श्रेय फुकट मिळते. आपली काळी कापसाची माती, त्यातून दहिवराने ओली झालेली, जेमतेम एक दशांश परत देते. ती प्रकाश गिळते. म्हणून हिमाचलात जे सहज साधते ते हिमायतनगरात मिळवावे लागते, आणि ज्यांनी हा विषय हिमाचलाच्या नावे फेरफार करून दिला त्यांनी सोपी बाजू पाहून निकाल दिला असे मला म्हणावे लागते. येथे पांढरे काही शोधावे लागते: समोर बसलेल्या सोबत्याचे धोतर, अंगणात ओतलेल्या कापसाची गंजी, चुना दिलेली भिंत, गोठ्याच्या छपराचा नवा पत्रा. वेचणीचा कापूस ओसरीत पडलेला असेल तर त्याच्या शेजारी बसलेल्या मावशीच्या चेहऱ्यावर जो मऊ उजेड चढतो तो शहरातल्या थर्मोकोलच्या पाट्यांना साधत नाही. अशा चित्रात तिच्या पदराची कड सूर्याने उजळलेली असते, आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांपासून नाकातल्या चमकीपर्यंत सारे स्पष्ट असते. थंडी आहे हेही दिसते, आणि ती कोणाला वाजते आहे हेही.

या वादात एक नवा पक्षकार अलीकडे शिरला आहे. तो म्हणतो, भांडता कशाला, मोबाइल सगळे जमवून घेतो. खरे आहे, तो एका क्षणात कमी-अधिक उजेडाची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतो, आकाश खाली ओढतो, चेहरा वर उचलतो, आणि दोघांना एकाच पातळीवर आणून ठेवतो. सूर्य समोर असूनही चित्र असे निघते की सूर्य कोठे होता ते सांगता येऊ नये. ज्या फरकासाठी आपण बांधाच्या पलीकडे गेलो तो फरकच त्याने तडजोडीत सोडून दिला. कज्जात दोन्ही पक्षांना निम्मे निम्मे देणारा पंच लोकप्रिय होतो, पण जमीन कोणाची हे त्याने ठरवलेले नसते. मोबाइल वापरू नये असे मी म्हणत नाही. त्यातली ती आपोआप जमवण्याची सोय बंद करता येते आणि बोटाने उजेड कमी-जास्त करता येतो, एवढे माहीत असले की काम भागते.

सूर्यासमोर भिंग धरण्यात एक धोका मात्र निखालस खरा आहे, आणि नियमाचे समर्थक नेमका तोच सांगत नाहीत. ते चित्र बिघडेल अशी भीती घालतात. बिघडणारा असतो तो डोळा. आरशाच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः लांब पल्ल्याच्या भिंगातून, बिंबाकडे थेट पाहणे म्हणजे सूर्य डोळ्याच्या पडद्यावर एकवटणे होय, आणि तेथे वेदना होत नसल्यामुळे नुकसान झाल्याचे उशिरा कळते. कॅमेराही सुटत नाही: जुन्या लायकाचा कापडी पडदा, भिंगाचे तोंड उन्हाकडे करून ठेवल्याने सुईच्या टोकाएवढा जळून भोक पडल्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत, आणि आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत तेच संकट संवेदकावर येते. तेव्हा बिंब खोडाआड, खांबाआड, माणसाच्या खांद्याआड घ्यावे. उघडे घ्यायचेच तर ते क्षितिजाला टेकलेले, धुराच्या थरातून तांबूस झालेले असतानाच आणि मागच्या पडद्यावर पाहून घ्यावे. चित्र झाले की भिंगावर टोपण घालावे. रात्रभर अंगणात तिकाटण्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर दहिवर बसते, ते धोतराच्या सोग्याने न पुसता त्याला उन्हात आपोआप सुकू द्यावे, एवढी एक सूचना ओघात.

डिसेंबरात येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेनवापर्यंत तो तीस अंशांवर येतो, जमीन तापते, धुराचे आडवे छत मोडून वर निघून जाते, हरभऱ्याची पाने कोरडी होतात, पारावरची माणसे उठून कामाला लागतात. एवढ्या अडीच-पावणेतीन तासांपुरतीच माझी मागणी आहे. त्यानंतरचा सारा दिवस नियमवाल्यांनी खुशाल सूर्य पाठीशी घेऊन वापरावा. माझी त्याला हरकत नाही.